मिस रेंजमेंट

चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती. लाल शाईतली, बोटभर लांबीची, कुठल्यातरी उत्तरपत्रिकेचा समास फाडून केलेली. ओडिलने इंग्रजी शब्दकोशाचा दुसरा खंड दोन्ही हातांनी उचलला तेव्हा तो मधूनच उघडला, आणि चिठ्ठी घसरून गालिच्यावर पडली. एलियान वाकली ती नुसत्या सवयीने, उचलून रद्दीच्या पिशवीत टाकायला. पण डोळ्यांवर चष्मा नसतानाही अक्षरं तिला दिसली, कारण ती वाचायची गरजच नव्हती. हात कसा वळला होता ते मनगटाला आठवत होतं. 'रेंजमेंट: आहे. जुना, वापरातून गेलेला. मु. शा.ला सांगणे.' खाली तारीख. गुरुवार, १५ नोव्हेंबर १९८४.

"काय गं, प्रेमपत्र?" ओडिलने विचारलं.

"मुलांचे मार्क," एलियान म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं नाही.

धाकटी बहीण क्लेरमोंहून तीन दिवसांसाठी आली होती ती याच कामाला. एलियानचा गुडघा आता चार मजले चढू देत नव्हता. नवं घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, दोन खोल्या, लिफ्ट, भरपूर राँझमाँ. म्हणजे भिंतीतली कपाटं, माळे, कप्पे. आवराआवरीलाही शब्द तोच; तीच अक्षरं इंग्रजी वळणाने वाचली की 'रेंजमेंट'. सकाळपासून ओडिल हा शब्द गाण्यासारखा घोळवत होती: आधी राँझमाँ मग जेवण, हे राँझमाँ तुझ्यानं होणार नाही, गीचे कोट कुठल्या राँझमाँत जाणार ते ठरव. गीला, तिच्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती, कोट अजून होते. आणि एलियानला सकाळपासून एक बारीक टोचणी लागून राहिली होती, मोज्यात खडा गेल्यासारखी. ती कशाची, हे चिठ्ठी हातात आल्यावर कळलं.

"ए, तुझी ती राँझमाँवाली पोरगी आठवली बघ," ओडिल शब्दकोश खोक्यात बसवता बसवता हसली. "इंग्रजी निबंधात राँझमाँ लिहिणारी. गीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सांगितली होतीस तू. त्याचा भाऊ हसता हसता ठसकला होता."

ती गोष्ट एलियानने किती वेळा सांगितली असेल? दहा? वीस? शिक्षकांच्या जेवणावळीत, सुट्टीत समुद्रावर, नवे लोक भेटले की. सांगून सांगून तिला गुळगुळीत घाट आला होता. सतरा-अठरा शब्दांत मुलगी उभी राहायची, मग तिचं वाक्य, मग एलियानचं उत्तर, मग हशा. गोष्टीतल्या मुलीला नाव नव्हतं. चेहराही नव्हता, एक वेणी तेवढी होती. आणि गोष्टीच्या शेवटी ती खाली बसायची व बसूनच राहायची. नंतर तिचं काय झालं असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, हे एलियानला आत्ता, गीच्या कोटांच्या ढिगाशेजारी उभं असताना सुचलं. तिने चिठ्ठी स्वेटरच्या बाहीत सरकवली.

मुरिएल शावानों. वय सोळा. तिसऱ्या रांगेत खिडकीकडे बसायची, खिडकीतून कोळशाच्या खाणीतल्या दगडमातीच्या दोन काळ्या टेकड्या दिसायच्या. एलियान तेव्हा एकतीस वर्षांची होती, सेंत-एत्येनमध्ये तिचं ते दुसरं वर्ष. हे शहर तिला आवडत नव्हतं आणि वर्गाला ती आवडत नव्हती. मुलं बाकाखाली पाय घासायची, एका सुरात, ओठ न हलवता गुणगुणायची. ती फळ्याकडे वळली की आवाज सुरू आणि तोंड फिरवलं की बंद. घरी येऊन ती बाथरूमचा नळ सोडून रडायची, गीला ऐकू जाऊ नये म्हणून. निबंधाचा विषय साधाच होता: मला आवडणारी खोली. बहुतेकांनी आपापल्या खोल्या लिहिल्या होत्या. मुरिएलने उंच छताची, पुस्तकांनी भरलेली एक खोली लिहिली होती, कुणाची ते न सांगता, आणि त्यात ते वाक्य: पुस्तकांची रेंजमेंट इतकी सुंदर होती की हात लावायची भीती वाटे. एलियानने ते मोठ्याने वाचलं. का वाचलं? चूक दाखवायला. निदान चाळीस वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली. वाचून ती म्हणाली, "फ्रेंच शब्दाला इंग्रजी टोपी घातली म्हणून तो इंग्रज होत नाही." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मुरिएल उभी राहिली. वेणी पुढे घेऊन तिचं टोक मुठीत धरून ती म्हणाली, "शब्द आहे, मादाम. मी वाचलाय." "कुठे?" मुलगी गप्प. "कुठल्या पुस्तकात? कुणाच्या?" गप्पच. तोंड लाल, अगदी कानांपर्यंत. एलियानला वाटलं, थाप पकडली. आणि मग ती म्हणाली, ओठांच्या कोपऱ्यातून, इंग्रजीत, फार नीट उच्चार करून: "बसा, मिस रेंजमेंट."

वर्ग हसला. सगळाच्या सगळा. तो हशा अजूनही तिच्या अंगात कुठेतरी होता, पोटाच्या वर, छातीच्या खाली, ऊबदार. पहिल्यांदा ती मुलं तिच्याबरोबर हसली होती. त्या दिवसानंतर पाय घासणं थांबलं. गुणगुणणं थांबलं. दाराशी मुलं "नमस्कार, मादाम" म्हणू लागली. त्या संध्याकाळी घरी जाताना ट्राममध्ये तिला जागा मिळाली, खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसलं, आणि ते हसरं होतं.

आणि दोन दिवसांनी, गुरुवारी, तिने शब्दकोश काढला होता. हे मात्र तिच्या आठवणीत नव्हतं. नव्हतं कसं? लाल शाई होती, तारीख होती. मग ते आठवणीतून गेलं कुठे? ती एकेक धागा ओढत राहिली: नोव्हेंबरचा तो आठवडा, गीला खोकला, स्वयंपाकघराच्या टेबलावर उत्तरपत्रिका, आणि हो, ते दोन खंड, लीड्समध्ये शिकत असताना घेतलेले, बोटीतून कसेबसे आणलेले. तिने पान उलटलं असणार. शब्द दिसला असणार. अर्थ: मांडणी. अगदी मुलीने वापरला होता त्याच अर्थाने. सांगणे, असं तिने लिहिलं. सोमवारी सांगू, असं ठरवलं असणार. सोमवारी वर्गात शिरल्यावर सगळे उभे राहिले असतील, शांत, तिच्याकडे बघत. मग पुढल्या सोमवारी. मग नाताळ. चिठ्ठी पानांत राहिली, खंड कपाटावर चढला, आणि गोष्ट जेवणाच्या टेबलावर उतरली. इतक्या सफाईने की चिठ्ठी लिहिणारी बाई आणि गोष्ट सांगणारी बाई यांची कधी गाठच पडली नाही.

संध्याकाळी ओडिलने बटाट्याच्या किसाच्या राप्या केल्या, कडांना कुरकुरीत होईपर्यंत. खाता खाता एलियानने बाहीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ओडिलने चिठ्ठी दोनदा वाचली, बोटं पुसून परत ठेवली.

"चाळीस वर्षं झाली त्याला. ती आजी झाली असेल आता."

"मी तिला भेटायला जाणार आहे."

"जाऊन काय सांगणार? तुझं बरोबर होतं म्हणून? ते तिला माहीतच होतं, एलियान. तीच तर वाचून आली होती." ओडिलने रापीचा तुकडा मोडला. "माहीत नव्हतं ते तुझ्या वर्गाला. तीस जणांकडे जावं लागेल तुला. बसच भाड्याने घेऊन जा."

ओडिलचं बोलणं नेहमी असंच, सुरीच्या पातीसारखं, आणि वर पुन्हा वाढायचा आग्रह. एलियानला झोप लागेना ती मात्र दुसऱ्याच गोष्टीने. वर्षाच्या सुरुवातीला मुलं एकेक कार्ड भरून द्यायची: नाव, पत्ता, आईवडिलांचा व्यवसाय. ती कार्डं तिने वाचली होती, नेहमीच वाचायची. 'मिस रेंजमेंट' म्हणताना तिला मुरिएलचं कार्ड आठवलं होतं का? वडील नाहीत. आई दुसऱ्यांकडे आवराआवरीचं, साफसफाईचं काम करते. आधी कार्ड आठवलं आणि मग शब्द सुचला, की शब्द आधी? कारण मागच्या बाकांना तर तो लगेच कळला होता. "मिस रेंजमेंट, खडू सांडले बघ." "मिस रेंजमेंट, आईला म्हणावं आमच्याकडे सोमवार रिकामा आहे." हे तिने व्हरांड्यात ऐकलं होतं. ऐकून ती शिक्षकांच्या खोलीकडे चालत गेली होती, टाचा वाजवत, कारण उशीर झाला की तिथली कॉफी संपून जायची.

ओडिल परत गेल्यावर तिने शावानों आडनावाचे चार नंबर शोधले. तिसऱ्यावर एका म्हातारीने फोन उचलला. मुरिएल? ती इथे कुठे, ती तर व्हालांसला, पंचवीस वर्षं झाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला असते. तुम्ही कोण? एलियानने नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, आणि पलीकडून आवाज एकदम मोकळा झाला. "इंग्रजीच्या बाई? या ना, या. रविवारी या, तीन वाजता, कॉफीला." एलियान म्हणणार होती की मला मुरिएलचा नंबर तेवढा द्या. ती म्हणाली, "येते."

मुरिएलची आई, ज्येर्मेन शावानों, ब्याऐंशी वर्षांची होती, ठेंगणी, पाठीत किंचित वाकलेली, हात मात्र शरीरापेक्षा एक माप मोठे. फ्लॅटमध्ये एकही वस्तू तिरकी नव्हती. फेब्रुवारीचे, कार्निव्हलचे दिवस, म्हणून तिने पहाटेच बुन्य, म्हणजे पिठाची गोड पक्वान्नं, तळून ठेवली होती, वर साखर भुरभुरून. एलियानने कोट काढला नाही. थोडा वेळच थांबणार, म्हणाली.

"तुम्ही बदलला नाहीत, मादाम. केस तेवढे गेले पांढऱ्यावर. घ्या, गरम नाहीत पण ताजी आहेत. मला आठवतंय, जूनमध्ये आले होते मी तुमच्याकडे. कामावरून तशीच, एप्रनवर कोट घालून. मुरिएलनं शाळा सोडते म्हणून हट्ट धरला होता ना, तेव्हा. तुम्ही एकट्याच खरं बोललात."

"मी काय बोलले?" एलियानने विचारलं, आणि विचारतानाच तिला व्हरांड्यातला तो एप्रनचा निळा काठ दिसला.

"तुम्ही म्हणालात, सगळ्यांचाच कल शिक्षणाकडे नसतो, मादाम, जबरदस्ती करू नका. बाकीच्यांनी नुसतं गोड गोड लावलं. हुशार आहे, विचार करा, अमुक तमुक. मी म्हटलं, या बाई सरळ आहेत." म्हातारीने कॉफी ओतली, हात न थरथरता. "मी तिला नेहमी सांगते. अजून सांगते. तुझ्या इंग्रजीच्या बाईंनीसुद्धा सांगितलं होतं, तुझ्यात तो जोर नाही. डोकं होतं हो, पण आळशी. जन्माची आळशी. आता बघावं तर एवढाली इंग्रजी पुस्तकं वाचत बसते, जेवताना, संडासात. मी म्हणते, आता काय उपयोग? तेव्हा कुठे गेलं होतं हे?"

एलियानने घरून तीन वाक्यं तयार करून आणली होती. तिन्ही नीट होती, एकातून दुसरं निघत होतं, शेवटचं क्षमेचं. कपाच्या कडेवरून तिला आता दिसत होतं की त्या तीन वाक्यांत ही बाई कुठेच नव्हती. न बोलताही जाता येईल, हेही दिसत होतं. दोन बुन्य खाऊन, मुरिएलला माझा नमस्कार सांगा म्हणून. म्हातारी खूश होईल. मुलगी आळशी राहील. चाळीस वर्षं राहिली, आणखी काही वर्षं राहील. आणि बोललं तर? तर या मोठ्या हातांना सांगावं लागेल की त्यांच्या कामावरून त्यांच्या मुलीला काय म्हणत होते आणि पहिल्यांदा कोण म्हणालं. तिने पाणी मागितलं. म्हातारीने आणून दिलं.

"ती आळशी नव्हती, मादाम शावानों."

"म्हणजे?"

"मी तिला एक नाव ठेवलं होतं. वर्गात. मुलं तिला त्याच नावाने चिडवायची. वर्षभर. म्हणून तिने शाळा सोडली असणार."

"कसलं नाव?"

एलियानने सांगितलं. शब्द सांगितला, निबंध सांगितला, खोली सांगितली. इंग्रजीतही तो शब्द होता, जुना, आणि दोन दिवसांत आपल्याला ते कळलं होतं, तरी आपण गप्प राहिलो, हे सांगितलं. जूनमध्ये तुम्ही आलात तेव्हाही मला माहीत होतं, हेही. म्हातारी मेजपोशावर सांडलेली साखर तळव्याने एका जागी गोळा करत होती, अगदी बारीक ढीग होईपर्यंत.

"ती डॉक्टर रिव्हुआरांची खोली," ती शेवटी म्हणाली. "बुधवारी शाळा नसायची, मग तिला बरोबर न्यायची मी. मी फरशी पुसायची आणि ही पुस्तकं काढून बसायची. मी ओरडायची, हात लावू नकोस, काम जाईल माझं. कुठे बोलू नकोस, म्हणायची." तिने साखरेच्या ढिगावरून हात उचलला. "म्हणून नाही सांगितलं तिनं तुम्हाला. कुठे वाचलं ते."

एलियानला हे माहीत नव्हतं. तिला लाल झालेले कान दिसले, मुठीतली वेणी दिसली, आणि ती थाप नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," म्हातारीने विचारलं, "मी काय काम करते ते?"

"हो. मुलांनी कार्डं भरली होती."

"तिनं भरलं होतं?"

"हो."

"काय लिहिलं होतं?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. रात्रभर तिने स्वतःला तेच सांगितलं होतं. पण अक्षरं समोर होती, गोल, निळ्या शाईतली, बाकी सगळ्या कार्डांवर एकेक शब्द असताना इथे पूर्ण वाक्य. ते वाचून तिला तेव्हा हसू आलं होतं. तेही आठवलं.

"लिहिलं होतं, 'माझी आई लोकांची घरं सुंदर ठेवते.'"

खिडकीतून दुपारचा उतरता उजेड म्हातारीच्या हातांवर पडला होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, इंजिन घरघरून बंद पडत होतं, पुन्हा घरघरत होतं. एलियान वाट पाहत होती. कशाची, हे तिला माहीत होतं आणि त्याची लाजही वाटत होती: ओरडण्याची, नाहीतर त्या मोठ्या हातांतला एक हात टेबलावरून आपल्याकडे येण्याची.

"मी मारलं तिला," म्हातारी म्हणाली. "त्या जूनमध्ये. इथेच, या ओट्यापाशी. आयुष्यात एकदाच मारलं. रडली नाही. म्हणाली, कंटाळा आला मला शाळेचा. एवढंच. डोळ्यांत डोळे घालून म्हणाली." मग: "तिनं मला सांगायला हवं होतं." आणि लगेच, जणू कुणी दुसऱ्यानेच हरकत घेतली असावी तशी, मान हलवून: "कसं सांगणार?"

"मादाम शावानों, मी मनापासून..."

"थांबा जरा."

ती उठली. चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, फोनपाशी स्टूल ओढून बसली. आकडे मोठ्याने म्हणत एकेक बटण दाबलं. एलियान खुर्चीच्या कडेवर आली. आता फोन माझ्याकडे देईल, तिला वाटलं; आता बोलावं लागेल, चाळीस वर्षांनी, त्या मुलीशी. त्यात भीतीइतकीच आशाही होती.

"मुरिएल? मी. नाही, नाही, पडले नाही. तब्येत बरी आहे. रविवार आहे, माहीत आहे मला. तू जेवलीस? ऐक." म्हातारीने रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. "तू आळशी नव्हतीस. हो. मी म्हणते, तू आळशी नव्हतीस. मी तुला उगाच म्हणत आले." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. म्हातारीने ऐकलं. तिची नजर खोलीभर फिरली, एलियानवर आली, कोटावर, हातमोज्यांवर, न खाल्लेल्या बुन्यवर. "कुणी नाही. एक बाई आल्यात. निघाल्याच आता."

मग तिने रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"दार जरा ओढून घ्या जाताना, मादाम," ती हळू आवाजात म्हणाली, रागाने नव्हे, पाहुण्यांशी बोलावं तसंच. "ते आपोआप लागत नाही."

एलियान उठली. दाराशी जाऊन तिने मान वळवली, पण म्हातारीची पाठ तिच्याकडे होती. दार पहिल्यांदा ओढलं तेव्हा लागलं नाही. दुसऱ्यांदा जोर लावावा लागला. जिन्यात अंधार नव्हता, तरी दिव्याचं बटण सापडत नाही या निमित्ताने ती कठडा धरून तिथेच उभी राहिली. आतून म्हातारीचा आवाज आला, स्वच्छ, ठेंगण्या बाईचा वाटणार नाही असा.

"आता तू बोल. मी ऐकते."